सी लाल, डी रिकामा: विंडोज किंवा लिनक्स टाकण्याआधी पार्टिशनचा हिशोब

"भाऊ, सी पुन्हा लाल दाखवून राहिला." नागपुरात चार ओळखीच्यांची मशीनं सांभाळणाऱ्या कुणालाही हे वाक्य पाठ असेल. मशीन बदलतं, तक्रार तीच. लॅपटॉपात २५६ जीबीची एसएसडी, तिचे तुकडे म्हणजे पार्टिशनं पाडलेली: सी ड्राइव्ह (विंडोज जिथे असते तो) ८० किंवा १०० जीबीचा आणि उरलेला सगळा डी. सीची पट्टी लाल (मोकळी जागा दहा टक्क्यांखाली गेली की विंडोज ती लाल करतं) आणि डीमध्ये कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ सोडला तर शुकशुकाट. टेम्प फोल्डर साफ होतं, रिसायकल बिन रिकामा होतो, डिस्क क्लीनअप चालतं, सहा-सात जीबी सुटतात. पुढचं अपडेट आलं की पट्टी परत लाल.

साफसफाईने हा त्रास जात नाही, कारण घाण हे त्याचं कारणच नाही. विंडोज टाकायच्या दिवशी सीचा आकार चुकला, तिथे हे सुरू झालं. म्हणून आधी आजचा बिघाड कसा काढायचा ते लिहितो आणि मग नव्याने इन्स्टॉल करताना आकडे कसे धरायचे ते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून जुन्या मशीनवर विंडोज ११ किंवा लिनक्स टाकून मागणारे बरेच आहेत, त्यामुळे दुसरा भाग जास्त कामाचा आहे. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.

सवय आली कुठून

८० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपीच्या काळात सी, डी, ई, एफ असे चार समान तुकडे पाडणं शहाणपणाचं होतं. एक्सपीला दीड जीबी जागा पुरते असं मायक्रोसॉफ्ट सांगत असे, त्यामुळे वीस जीबीचा सी म्हणजे चैन होती. डीमध्ये गाणी, ईमध्ये पिक्चर, एफमध्ये "बॅकअप". दर सहा महिन्यांनी सी फॉर्मॅट मारायचा आणि बाकीचं सुखरूप. विंडोज ११ ची अधिकृत किमान गरज ६४ जीबी आहे. ती फक्त इन्स्टॉल होण्यापुरती, काम करण्यापुरती नाही. तरी सीताबर्डी-धंतोलीच्या दुकानांत आजही "पार्टिशन करून द्याल ना?" हा प्रश्न आधी येतो, आणि एकच सी दिसला तर गिऱ्हाइकाला लॅपटॉप अर्धवट वाटतो. दुकानदार मग शंभरचा सी पाडून मोकळा होतो. दोष एकट्या दुकानदाराचा नाही.

डी वेगळा असला की फॉर्मॅटमध्ये डेटा वाचतो, हे आजही खरं. पण एसएसडी मेली तर सी आणि डी एकाच दिवशी जातात. डीमधली प्रत हा बॅकअप नव्हे. त्यासाठी बाहेरची डिस्क लागते.

आधी बघा, जागा खाल्ली कुणी

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज. तिथे मोठा आकडा ॲप्सचा आहे, टेम्पररी फाइल्सचा आहे, की "सिस्टिम अँड रिझर्व्हड"चा, एवढं पाहिलं की अर्धं निदान झालं. फाइल एक्सप्लोररमध्ये फोल्डर निवडून गुणधर्म बघत बसू नका. लपलेल्या फाइल्स त्यात येत नाहीत आणि बेरीज कधीच जुळत नाही.

न दिसणारे खाणारे हे. हायबरफिल नावाची फाइल (हायबरनेट करताना रॅममधलं काम हिच्यात साठतं) रॅमच्या सुमारे ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमला साडेसहाच्या आसपास. पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची फाइल) विंडोज स्वतः वाढवतं आणि कमी करतं. २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून विंडोज अपडेटसाठी सुमारे सात जीबी राखून ठेवतं. मोठ्या अपडेटनंतर जुनी विंडोज "विंडोज डॉट ओल्ड" या फोल्डरमध्ये दहा दिवस पडून राहते आणि मग आपोआप जाते. ती दहा दिवसांची गर्दी सोसायला जागा नसेल तर पुढचं अपडेट अर्ध्यावर अडतं. "अपडेट होऊनच नाही राहिलं" ही तक्रार बऱ्याचदा हीच असते.

तात्पुरता आराम हवा असेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये "पॉवरसीएफजी /एच ऑफ" दिलं की हायबरफिल जाते. सोबत हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअपही जातात, हे माहीत असू द्या. विनएसएक्सएस फोल्डर (विंडोजच्या स्वतःच्या घटकांचं) मात्र हाताने डिलीट करू नका. त्याचा दाखवलेला आकार फुगलेला असतो, कारण तीच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते, आणि त्यातलं काही उडवलं तर विंडोज दुरुस्त होण्याच्या पलीकडे जाते.

मग येतो खरा खाणारा: यूजर्स फोल्डरमधला ॲपडेटा, म्हणजे प्रोग्रॅम आपापला डेटा ठेवतात ते फोल्डर. व्हॉट्सॲप डेस्कटॉपची चित्रं-व्हिडिओ, आउटलुकची ओएसटी फाइल, क्रोमची कॅश, अँड्रॉइड स्टुडिओचं एसडीके, पायथॉनची पॅकेजेस. इन्स्टॉल करताना तुम्ही डी निवडा किंवा ई, हे सगळं सीवरच लिहिलं जातं. "मी तर सगळं डीमध्येच टाकतो, मग सी का भरतो?" याचं उत्तर हे.

शेजारच्या भिंतीची अट

पुढची पायरी म्हणून लोक डिस्क मॅनेजमेंट उघडतात, डी थोडा श्रिंक (छोटा) करतात, पन्नास जीबी मोकळे काढतात आणि सीवर राइट क्लिक करतात. तिथे "एक्स्टेंड व्हॉल्यूम" फिकट, दाबताच येत नाही. मग कुणीतरी कुठलंसं मोफत टूल उतरवतो आणि अर्ध्या गोष्टी तिथे बिघडतात.

विंडोजला सी वाढवायचा असेल तर मोकळी जागा सीला लागून, त्याच्या उजवीकडेच हवी. बर्डीच्या मेन रोडवर दुकान वाढवायचं तर शेजारचाच गाळा रिकामा असावा लागतो. दोन गाळे सोडून तिसरा घेतला तर भिंत पाडून उपयोग नाही. डी श्रिंक केला की मोकळी जागा डीच्या उजव्या टोकाला निघते. सी आणि तिच्यामध्ये अख्खा डी उभाच.

त्यात आणखी एक छोटं पार्टिशन आडवं येतं. २०२० च्या २००४ आवृत्तीपासून विंडोज सेटअप रिकव्हरी पार्टिशन (बिघडलेली विंडोज दुरुस्त करायच्या साधनांचं) सीच्या लगेच नंतर ठेवतं. त्यामुळे दुकानात शंभरचा सी पाडून उरलेल्या जागेत डी केला असेल तर रांग अशी लागते: ईएफआय (मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइल्सचं), मग न दिसणारं १६ एमबीचं एमएसआर (विंडोजने स्वतःसाठी राखलेलं), मग सी, मग पाचसातशे एमबीचं रिकव्हरी आणि मग डी. डी पूर्ण उडवला तरी सी वाढत नाही, कारण मध्ये रिकव्हरी बसलेलं असतं. "डी डिलीट केला तरी एक्स्टेंड फिकटच" या प्रश्नाचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

दुरुस्तीचा क्रम

डीमधला डेटा बाहेरच्या डिस्कवर हलवा आणि तिथे उघडून बघा. नुसतं कॉपी झालं म्हणून विश्वास ठेवू नका. मग बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) तपासा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून नवं इन्स्टॉल केलं की अनेक मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन न विचारता चालू होतं, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. रिकव्हरी की त्याच खात्यात जमा असते. ती आधी कागदावर उतरवा, मग एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा.

आता ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये "रीएजंटसी /डिसेबल". याने रिकव्हरीची फाइल त्या छोट्या पार्टिशनातून सीवर येते. "रीएजंटसी /इन्फो" देऊन स्थिती डिसेबल्ड दाखवते का ते बघा. नसेल तर पुढे जाऊ नका. डिस्क मॅनेजमेंट रिकव्हरी पार्टिशन उडवू देत नाही. त्यासाठी डिस्कपार्ट लागतं: डिस्क निवडा, "लिस्ट पार्टिशन"ने क्रमांक बघा, आकारावरून खात्री करा, पार्टिशन निवडा आणि "डिलीट पार्टिशन ओव्हरराइड". इथे क्रमांक चुकला तर परत फिरता येत नाही, म्हणून ही एक ओळ टाइप करण्याआधी चहा बाजूला ठेवा.

मग डी डिलीट करा. सीच्या उजवीकडे आता सलग मोकळी जागा आहे. सी एक्स्टेंड करा, पण शेवटी एक जीबी सोडा. त्या जागेत नवं रिकव्हरी पार्टिशन करून ठेवलेलं चांगलं. त्यासाठी लागणारा लांबलचक ओळख-क्रमांक मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या पानावरून कॉपी करा, हाताने टाइप करू नका. एवढं नको असेल तर थेट "रीएजंटसी /एनेबल" द्या. वेगळं पार्टिशन नसलं तर रिकव्हरी सीवरच राहते आणि चालते. फक्त बिटलॉकर पुन्हा चालू करायचा असेल तर वेगळं पार्टिशन लागेलच, कारण एन्क्रिप्ट केलेल्या सीवर रिकव्हरी सुरू करायला विंडोज नकार देतं.

डीमध्ये इतका डेटा आहे की हलवायला जागाच नाही, अशा वेळी जीपार्टेडसारखं टूल डीची सुरुवात उजवीकडे सरकवू शकतं. पण सुरुवात सरकवणं म्हणजे डीमधली प्रत्येक फाइल नव्या जागी लिहिणं. हार्ड डिस्कवर त्याला तास लागतात आणि मध्ये वीज गेली तर डी तिथेच संपला. मे महिन्यातल्या नागपूरच्या दुपारी यूपीएसविना डेस्कटॉपवर हे काम काढणाऱ्याला मी दोन्ही हात जोडतो. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून, चार्जर लावून, आणि जमलं तर रात्री.

नव्याने टाकताना: आकडा कसा काढायचा

"विंडोजला किती लागतं?" असं विचारून सीचा आकार काढला की गणित चुकतं. विचारायचं असं: या मशीनवर चालणारे प्रोग्रॅम कुठे आणि किती लिहिणार आहेत?

आधी डिस्कचा खरा आकार. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीने मोजतं. म्हणून २५६ ची डिस्क २३८ दिसते, ५१२ ची ४७६ आणि एक टीबीची ९३१. दुकानदाराने लबाडी केलेली नाही. सेटअपमध्ये आकार एमबीत द्यावा लागतो, तिथेही हाच फरक पडतो: शंभर जीबी हवे असतील तर १०२४०० टाका. १००००० टाकलं तर ९७.६ येतं.

आता दोन खरी गिऱ्हाइकं धरू. हिंगणा रोडवरच्या इंजिनीअरिंग कॉलेजातलं पोरगं, १६ जीबी रॅम. विंडोज आणि तिची अपडेटं ४०, प्रोग्रॅम ६०, हायबरफिल-पेजफाइल मिळून १५, ॲपडेटा आणि एमुलेटर ४०, मोठ्या अपडेटसाठी मोकळे २५. बेरीज १८०. एसएसडी गच्च भरली की लिहिण्याचा वेग पडतो, म्हणून पंधरा टक्के कायम रिकामे ठेवायचे, तर १८० ला ०.८५ ने भागा: २१२. डिस्क २३८ ची. उरलेल्या पंचवीस जीबीसाठी डी पाडायचा? नको. एकच सी ठेवा. नंतर वाटलं तर सी श्रिंक करून डी काढता येतो. उलटं करायला वर सांगितलेली सगळी कसरत.

दुसरं गिऱ्हाईक इतवारीतल्या व्यापाऱ्याचा मुनीम. ८ जीबी रॅम, टॅली, एक्सेल, ईमेल, व्हॉट्सॲप. विंडोज ४०, प्रोग्रॅम १५, मेल आणि व्हॉट्सॲप ३०, मेमरीच्या फाइल्स १०, अपडेटसाठी २५. एकूण १२०, भागून १४१. इथे १५० चा सी आणि ८७ चा डी चालतो, आणि टॅलीचा डेटा डीवर ठेवला तर फॉर्मॅटच्या वेळी खरंच सोय होते. पण टॅली कंपनीचा डेटा कुठे लिहिते हे तिच्या सेटिंगमध्ये जाऊन बदलावं लागतं. डी पाडला म्हणून तो आपोआप तिथे जात नाही. मार्चअखेरीस सी उडवून बसलेल्या माणसाला हे समजावणं फार जड जातं.

डेस्कटॉपमध्ये छोटी एसएसडी आणि मोठी हार्ड डिस्क असेल तर विचार सोपा: एसएसडी अख्खी सी, हार्ड डिस्क अख्खी डी. मग डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज या फोल्डरांवर राइट क्लिक, गुणधर्म, "लोकेशन", आणि तिथून डीवर हलवा. एवढंच हलवा. ॲपडेटा किंवा अख्खं यूजर्स फोल्डर लिंक करून डीवर नेण्याच्या युक्त्या फिरत असतात. त्या वर्षभर चालतात आणि नेमकं मोठं अपडेट आलं की फसतात.

छोटी पार्टिशनं, मोठा ताप

जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० वर केबी५०३४४४१ हे अपडेट आलं आणि कितीतरी मशीनवर ०एक्स८००७०६४३ हा एरर देऊन अडकलं. कारण एवढंच की रिकव्हरी पार्टिशनात २५० एमबी मोकळे नव्हते. डिस्कवर दोनशे जीबी रिकामे असूनही अपडेट नापास. रिकव्हरीला आता मी एक जीबी देतो. एक जीबीने कुणी गरीब होत नाही.

ईएफआय पार्टिशनही असंच. विंडोज सेटअप ते बहुतेक वेळा १०० एमबीचं करतं. एकट्या विंडोजला ते पुरतं. शेजारी लिनक्स आलं, किंवा लिनक्समधून बायोसचं फर्मवेअर अपडेट करायला गेलात, की जागा नाही म्हणून अडतं. पुढे कधीही दुसरी सिस्टिम टाकायचा विचार असेल तर सेटअप सुरू असताना शिफ्ट आणि एफ१० दाबून डिस्कपार्ट उघडा: डिस्क निवडा, "क्लीन", "कन्व्हर्ट जीपीटी", "क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=५१२", मग फॅट३२ मध्ये क्विक फॉर्मॅट. नंतर सेटअपमध्ये रिफ्रेश करून उरलेली जागा निवडा. "क्लीन" अख्खी डिस्क पुसतं. दोन डिस्क असलेल्या मशीनमध्ये दुसरीची केबल काढून ठेवणं हा भित्रेपणा नाही.

जुन्या मशीनवर आणखी एक अडचण निघते. एमबीआर या पार्टिशन नोंदवायच्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशनं बसतात. पाचवं करायला गेलात तर विंडोज डिस्क "डायनॅमिक" करू का विचारतं आणि घाईत माणूस ओके दाबतो. त्यानंतर लिनक्सचा इन्स्टॉलर त्या डिस्ककडे पाहतही नाही. विंडोज ११ ला जीपीटी ही नवी पद्धत लागते. डेटा न उडवता बदल करणारं एमबीआर२जीपीटी हे मायक्रोसॉफ्टचंच टूल आहे, पण प्रायमरी पार्टिशनं जास्तीत जास्त तीन हवीत आणि एक्स्टेंडेड किंवा त्याच्या पोटातलं लॉजिकल एकही नको. आपल्याकडच्या जुन्या सी-डी-ई-एफ मांडणीत ई आणि एफ लॉजिकल असतात. म्हणून "व्हॅलिडेशन फेल्ड" येतं. तिथे डोकं न आपटता डेटा बाहेर काढा आणि कोरी डिस्क करा.

शेजारी लिनक्स टाकणार असाल

उबुंटू २४.०४ ला २५ जीबी लागतात असं लिहिलेलं वाचून पोरं बरोबर २५ किंवा ३० देतात. महिन्याभरात "डिव्हाइसवर जागा उरलेली नाही" हा निरोप येतो. कारण तेच, लिहिणारे कुठे लिहितात ते कुणी पाहिलेलं नसतं. स्नॅप, फ्लॅटपॅक, डॉकर ही प्रोग्रॅम बसवणारी-चालवणारी साधनं रूटमधल्या (लिनक्सची मुख्य जागा) व्हार फोल्डरखाली लिहितात. तीस जीबीचा रूट आणि दीडशेचं वेगळं होम (वापरकर्त्याच्या फाइल्सची जागा) केलं असेल तर होम रिकामं आणि रूट गच्च: सी आणि डीचंच नाटक, नाव बदलून. कॉलेजच्या कामाला होम वेगळं करू नका, एकच रूट ठेवा. वेगळं हवंच असेल तर रूटला साठ ते ऐंशी. ५१२ च्या डिस्कवर विंडोजला अडीचशे आणि लिनक्सला उरलेले सव्वादोनशे ही वाटणी बहुतेकांना पुरते.

स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वेगळं पार्टिशन आता लागत नाही. उबुंटू १७.०४ पासून स्वॅप फाइल वापरतं आणि ती नंतर मोठी करता येते. हायबरनेट करायचं असेल तरच स्वॅप किमान रॅमएवढा हवा.

एन्क्रिप्शनसह इन्स्टॉल केलं की बूट, म्हणजे सुरू होताना लागणाऱ्या फाइल्सची जागा, वेगळं पार्टिशन होतं. प्रत्येक कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि त्याची इनिटआरडी ही सुरुवातीची फाइल मिळून शंभर-दीडशे एमबी सहज जातात, जुने कर्नल साचतात आणि ५०० एमबीचं बूट भरतं. तेव्हा अपडेट अर्ध्यावर तुटतं. "ॲप्ट ऑटोरिमूव्ह"ने जुने कर्नल निघतात. हाताने बूटमधल्या फाइल्स उडवायला गेलात तर पॅकेजची नोंद तशीच राहते आणि गुंता वाढतो. नव्याने करताना बूटला एक जीबी, शक्य तर दोन.

लिनक्समध्ये एक फसवी केस असते: "डीएफ -एच" वीस जीबी मोकळे दाखवतं आणि तरी फाइल बनत नाही. "डीएफ -आय" चालवा. ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) फॉर्मॅट करतानाच साधारण दर १६ केबीमागे एक आयनोड (एका फाइलच्या नोंदीची जागा) धरतं, आणि लाखो बारीक फाइल्स असलेल्या नोड मॉड्यूल्स फोल्डरांनी ते संपवलेले असतात. जुने प्रोजेक्ट उडवा. पार्टिशन मोठं केल्याशिवाय आयनोडची संख्या नंतर वाढवता येत नाही. उलट डीएफ डिस्क भरलेली दाखवतं पण फाइल्सची बेरीज तेवढी भरत नसेल, तर फाइल डिलीट केली पण एखादा प्रोग्रॅम तिला धरून बसला आहे: "एलएसओएफ +एल१" दाखवतं, प्रोग्रॅम बंद केला की जागा सुटते. आणि शंभर जीबीच्या पार्टिशनात पाच जीबी कुठे गेले असं वाटलं तर ईएक्सटी४ पाच टक्के रूट वापरकर्त्यासाठी राखतं. ज्या पार्टिशनवर फक्त डेटा आहे तिथे "ट्यून२एफएस -एम १" देऊन ते एक टक्क्यावर आणता येतं.

फाइल सिस्टिम निवडतानाही पुढचा विचार करा. ईएक्सटी४ चालू असताना मोठी करता येते, छोटी करायची तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून. एक्सएफएस मोठी होते, छोटी होतच नाही. अंदाज चुकण्याची शक्यता असेल तर एक्सएफएस घेऊ नका.

इन्स्टॉलर उघडण्याआधी

लिनक्ससाठी जागा काढताना सी विंडोजमधूनच श्रिंक करा, लिनक्सच्या टूलने नको. दोनशे मोकळे असून विंडोज वीसच श्रिंक करू देत असेल तर मध्यभागी न हलणारी फाइल आहे: पेजफाइल, हायबरफिल किंवा रिस्टोअर पॉइंट. तिन्ही तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करा, श्रिंक करा, मग परत चालू करा. फास्ट स्टार्टअप मात्र बंदच राहू द्या. तो चालू असला की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला सी फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर घाबरून डिस्क बदलू नका. इंटेलच्या अनेक लॅपटॉपांत बायोसमध्ये व्हीएमडी किंवा आरएसटी (इंटेलची डिस्क हाताळायची पद्धत) चालू असतं. विंडोज सेटअपला त्याचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा लागतो. लिनक्ससाठी ते बंद करून एएचसीआय ही साधी पद्धत निवडायची असेल तर आधी विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होईल अशी सोय करा, नाहीतर सेटिंग बदलल्यावर विंडोज निळ्या पडद्यावर थांबते.

आणि इन्स्टॉल झाल्यावर डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीचा मोबाइलवर एक फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. कोणतं पार्टिशन कुठे, केवढं, कोणाच्या शेजारी. पुढच्या वेळी त्याचा फोन आला की पहिला प्रश्न तुम्ही त्या फोटोवरूनच विचाराल.